चिलखत नाही, तोंड आवाज करतं

आधीच सांगून ठेवते, खाली 'रोग' हा शब्द बऱ्याचदा येईल. तो डी अँड डीमधला (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) लपूनछपून वावरणारा गडी, आजार नव्हे. (आमच्या डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मते माझ्या बाबतीत दोन्ही एकच.)

या खेळाच्या ३.५ आवृत्तीत मी रोग-विझर्ड (अर्धी रोग, अर्धी जादूगार) खेळत होते. अंगात साधं लेदर आर्मर, म्हणजे चामड्याचं चिलखत. त्या नियमांत विझर्डने चिलखत घालून हातवाऱ्यांचा मंत्र टाकला की शंभरापर्यंतचा डाइस टाकायचा. मंत्र वाया जाण्याची शक्यता लेदरला १० टक्के, स्टडेड लेदरला १५, चेन शर्टला २०. दाराआड उभी राहून मी इनव्हिजिबिलिटी, म्हणजे अदृश्य होण्याचा मंत्र, टाकली. डाइसवर आले ७, दहाच्या आत.

मंत्र गेला, स्लॉट (दिवसाच्या ठरावीक मंत्रांतली एक जागा) गेला. आणि गोष्टीत काय घडलं? शून्य. पहारेकरी तसाच जांभया देत उभा. माझा राग हरण्यावर नाही, या 'काहीच न घडण्यावर' आहे.

कारण सांगतात की चिलखतात हातवारे नीट जमत नाहीत. बरं. मग त्याच लेदरमध्ये माझं पात्र खिसे कापतं, भिंती चढतं, सावलीत लपतं, आणि तिथे लेदरची वजावट शून्य! खिशातली थैली न कळता काढणारी बोटं मंत्राची मुद्रा करताना मात्र आखडतात?

खरी गंमत पुढे आहे. त्याच पुस्तकात लिहिलंय की शब्दांचा मंत्र जोरकस आवाजात म्हणावा लागतो. म्हणजे अदृश्य व्हायचं, पण आधी खणखणीत आवाजात वर्दी देऊन! यावर उपाय आहेत, स्टिल स्पेल आणि सायलेंट स्पेल, पण दोन्ही फीट (पात्राने निवडलेली खास कौशल्यं) मंत्राची प्रत्येकी एक पातळी वाढवतात. दुसऱ्या पातळीची इनव्हिजिबिलिटी गप्प राहून, हात न हलवता टाकायला चौथ्या पातळीचा स्लॉट मोजायचा. अहो, त्याच स्लॉटमध्ये ग्रेटर इनव्हिजिबिलिटी येते, हल्ला केला तरी न उतरणारी!

एडी अँड डीच्या, म्हणजे याच खेळाच्या जुन्या रूपाच्या, दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) निदान आडपडदा नव्हता. मल्टिक्लास (एकाहून जास्त पेशांच्या) विझर्डला एल्व्हन चेन (एल्फांचं साखळी-चिलखत) सोडून चिलखतात मंत्र नाहीच, विषय संपला.

पाचव्या आवृत्तीने (२०१४) टक्केवारी काढून टाकली. चिलखताची प्रोफिशियन्सी (वापरायचं प्रशिक्षण) असेल तर मंत्र बिनदिक्कत टाका, नसेल तर टाकताच येणार नाही. आर्केन ट्रिकस्टर (मंत्र येणारा रोग) लेदर घालून मजेत. चिलखताचा त्रास आता थेट स्टेल्थवर (लपण्याच्या कौशल्यावर) येतो, आणि तो तिथेच यायला हवा. (फक्त पॅडेड आर्मर, कापूस भरलेलं चिलखत, का? बचाव लेदरइतकाच, वजन लेदरहून कमी, तरी स्टेल्थला डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे दोनदा डाइस टाकून कमी आकडा धरायचा. कापूस वाजतो का?)

पण तोंडाचा प्रश्न तसाच राहिला. आर्केन ट्रिकस्टरचा मेज हँड (मंत्राने बोलावलेला जादूचा हात) अदृश्य असतो, त्याने दुसऱ्याच्या कमरेच्या किल्ल्या लांबवता येतात. फक्त तो हात बोलावताना मंत्र तोंडाने म्हणावा लागतो, आणि हात टिकतो एक मिनिट. बऱ्याच टेबलांवर हे कुणी लक्षातच घेत नाही. मी म्हणते, घ्या की! मग मायनर इल्युजनची (छोटा भास निर्माण करणाऱ्या मंत्राची) खरी किंमत कळते, त्याला शब्दच लागत नाहीत. हिप्नॉटिक पॅटर्नचंही (बघणाऱ्याला भुलवणाऱ्या मंत्राचंही) तसंच.

म्हणून मी डीएमच्या मागे लागून एक घरगुती नियम मंजूर करून घेतला. लपलेल्या पात्राने मंत्र पुटपुटला तर स्टेल्थचा डाइस टाकायचा, चिलखताचा जो काही त्रास असेल तो धरून. फसलं तरी मंत्र लागतोच, फक्त कुणाच्या तरी कानावर जातो.

'चिलखताचा दंड काढला तर मग विझर्ड पोलादात फिरतील' हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. पाचव्या आवृत्तीत क्लेरिकची (देवाच्या पुजाऱ्याच्या पेशाची) एक पातळी उचलली की मध्यम चिलखत आणि ढाल हातात, हे भोक आहेच. पण ते बुजवायला रोगच्या लेदरवर दंड कशाला?

नवा नियम पहिल्याच सेशनला वापरला. कोठाराच्या दाराशी इनव्हिजिबिलिटी पुटपुटली, स्टेल्थला आले २. मी अदृश्य झाले आणि पहारेकरी बरोबर माझ्याच दिशेने ओरडला, "कोण पुटपुटतंय रे तिकडे?" पुढचा दीड तास आम्ही त्या कोठारातून बाहेरच पडलो नाही. एक माणूस कंदील घेऊन मला शोधतोय, मी श्वास रोखून पिंपामागे, आणि आमचा फायटर टेबलावर डोकं धरून बसलेला.