स्थळाकडून नकार

माझ्या कॉम्प्युटरनं 2019 चा महापूर पाहिलाय. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा गणपती पेठेतल्या दुकानातून मी आधी सीपीयू उचलून माडीवर नेला, मग गल्ला, आणि मग बायकोला फोन केला. (हा क्रम ती अजून ऐकवते.) अशा मुरलेल्या गड्याला पडद्यावर चौकट काढून कुणी 'तू आता सुरक्षित नाहीस' असं सांगावं?

विंडोज 10 चा सपोर्ट संपला 14 ऑक्टोबर 2025 ला. तारीख बघा. दिवाळी तोंडावर, पाठोपाठ तुळशीचं लग्न, आणि आम्ही पत्रिका छापणारी माणसं उभ्या उभ्या जेवतो ते दिवस. तारीख काढणाऱ्याच्या भिंतीवर कॅलेंडर असेल, पण त्यात मुहूर्त नसणार. तसं मशीन काही बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात, एवढंच. त्यावरचा उपाय म्हणजे विंडोज 11, आणि ते फुकट.

फुकट म्हटल्यावर मी तपासणीचं ॲप चालवलं. ते थेट मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखं निघालं. रॅम 4 जीबी असली तरी चालते, म्हणजे पगाराचा आग्रह नाही. डिस्क 64 जीबी, म्हणजे घर लहान असलं तरी हरकत नाही. पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा सहाव्या पिढीतला. शिवाय टीपीएम 2.0 म्हणून एक चिप लागते, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारी. ती काही सापडली नाही. नकार लगेच आला. 'घरी विचारून कळवतो' म्हणण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

दुकानात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. हळदीचे एक अडते कार्डाचे नमुने चाळता चाळता म्हणाले, "नवीनच घ्या की. धंद्याची वस्तू हाय." नवीन घ्या म्हणणाऱ्या माणसानं पत्रिका मात्र सर्वांत स्वस्त कागदावर पसंत केली. दुसऱ्यांनी माहिती पुरवली की अकरामध्ये स्टार्टचं बटण मध्ये आणून ठेवलंय. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सापडणार नाही." ते बटण डावीकडं परत नेता येतं, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. वाद वाढवून उपयोग नसतो.

खरी अडचण यांतल्या कुणालाच माहीत नव्हती. आमचं सगळं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 ची, पुढं ते वाढलंच नाही. त्यात जुने मराठी फॉन्ट, युनिकोड या सामायिक अक्षरपद्धतीच्या आधीच्या वळणाचे. 'चि. सौ. कां.' लिहिलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की नवरीच्या जागी दोन कंस, एक डॉलर आणि काही इंग्रजी अक्षरं मांडवात उभी राहतात. आणि हे फॉन्ट चालतात एका लॉकवर. बोटाएवढं लॉक मशीनच्या पाठीमागं खोचलेलं असतं. त्याचा ड्रायव्हर 32 बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, म्हणून विंडोजही मी 32 बिटचीच ठेवलेली. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते आणि तिथं 32 बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. म्हणजे उद्या आठव्या पिढीचं नवंकोरं मशीन आणलं तरी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ त्यावर उमटणार नाही. आणि ती ओळ नसलेली पत्रिका आमच्याकडं कुणी पैसे देऊन घेत नाही.

पुण्यात हिंजवडीला भाचा आहे. त्याला फोन लावला.

"मामा, विंडोज काढून लिनक्स मिंट टाका."

"त्यात पेजमेकर चालतं?"

"पेजमेकर अजून आहे?"

त्याच्या आवाजात जो आदर होता, तो मला पांडवलेण्यांबद्दल बोलताना ऐकू येतो. मग त्यानं मधला मार्ग सांगितला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, मिळू शकतात. एक तर 30 डॉलर भरा, नाहीतर विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा त्याच कंपनीच्या खात्यात लॉग इन करून सेटिंग्ज तिथं सिंक करू द्या, मग फुकट. मी तिसरा मार्ग धरला. माझी सेटिंग्ज नेऊन त्यांना काय मिळणार? वॉलपेपरला औदुंबरचा घाट आहे, दर्शन घ्या म्हणावं.

एवढं झाल्यावर मी सहज शेजारच्या प्रेसमध्ये डोकावलो. मालक माझ्यापेक्षा मोठे, निवांत गृहस्थ. त्यांच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. विंडोज एक्सपी! तिचा सपोर्ट 2014 च्या एप्रिलमध्येच संपला.

"अहो, हे कधीच बंद झालंय," मी म्हणालो.

"नेटच जोडलं न्हाई," ते म्हणाले. "त्याला कोण सांगणार बंद झालंय म्हणून?"

इतका बिनतोड मुद्दा मी या सगळ्या प्रकरणात ऐकला नव्हता. रात्री भाच्याला फोन करून तो जसाच्या तसा ऐकवला. तो बराच वेळ गप्प होता.

"मामा, त्या मशीनला पेनड्राइव्ह लावतात का?"

"लावतात की. फाइली कशा जाणार नाहीतर?"

"कुणाचा?"

"माझाच."

"तुम्ही आता कशालाच हात लावू नका. मी शनिवारी येतो."

"ये की," मी म्हणालो. "येतोयस तर दोन दिवस राहा. सातआठ पत्रिकांची प्रुफं तपासायची राहिलीत."