मिगला शिव्या देण्याआधी आमच्या मामांचं ऐका

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान रिटायर झालं आणि तेव्हापासनं आमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "उडती शवपेटी गेली एकदाची". डोकंच फिरलं.

आपल्या साताऱ्यात फौजी गल्लोगल्ली, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, पण एअरफोर्सवाले तसे कमी. आमचे मामा त्यातले, ग्राउंड क्रूमध्ये. मिगच्या शेपटीत एक पॅराशूट असतं, विमान ताशी तीनशेच्या वर स्पीडनं टेकतं ना, नुसत्या ब्रेकवर कुठलं थांबतंय, मग ते मागं उघडतं. ते घडी करून परत भरायचं काम मामांनी कित्येक वर्षं केलं. अजून ताडपत्री आम्हाला घडी करू देत नाहीत, सोयाबीनवर पाऊस येत असला तरी आपणच करणार, चुणी राहिली की परत उलगडणार!

आता अपघात झाले हे कोण नाकारतंय? २०१२ ला संरक्षणमंत्री अँटनींनीच संसदेत सांगितलेलं, सगळ्या प्रकारची मिग धरून ८७२ पैकी ४८२ अपघातात गेली, १७१ पायलट गेले. पण १९६३ ला आलेलं विमान २०२५ पर्यंत कुणी उडवायला लावलं? ते काय स्वतःहून नोकरीत थांबलं होतं का? त्याच्या जागी यायचं आपलं देशी विमान तेजस १९८३ ला मंजूर झालं, त्याची पहिली स्क्वाड्रन म्हणजे तुकडी उभी राहिली २०१६ ला. आणि नवीन पोरं किरण ह्या शिकाऊ विमानावरनं थेट मिगवर बसायची, मधल्या ट्रेनिंगचं हॉक विमान यायला २००८ उजाडलं. वर मिगच्या निरोपाच्या आदल्या दिवशी आणखी ९७ तेजसची ऑर्डर दिली, तेव्हा आधीच्या ८३ मधलं एकपण हातात आलं नव्हतं. टाळ्या वाजवा.

७१ च्या युद्धात ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकली ती ह्याच मिगनी, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी गव्हर्नरनं राजीनामा दिला. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मी मामांना तो शवपेटीवाला मेसेज दाखवला. "आरं, बैल म्हातारा झाला तरी औताला धरला, मग पडला तर बैलाला कशाला बोलता?" एवढं बोलून परत टीव्हीकडं बघत बसले. शेवटची मिग उतरत होती, मागं पॅराशूट फुललं. मामी म्हणाली चहा गार होतोय, तर हातानंच थांब म्हणाले. विमान पार थांबेपर्यंत कप उचलला नाही.

"नीट उघडलं," म्हणाले, आणि मग प्यायले.