ठिबक संचाबद्दलच्या तक्रारीस आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गच्चीवरील तीस कुंड्यांसाठी नेलेला आमचा ठिबक संच निरुपयोगी निघाला, आठ दिवस गावी गेल्यावर कठड्यावरचा मोगरा वाळला आणि फरशीवरचे अडेनियम मात्र कुजले, असे आपण लिहिले आहे. तक्रार रास्त आहे आणि चूक आमची आहे, कारण टाकी कुंड्यांपेक्षा किती उंच आहे, हे संच देताना आम्ही विचारलेच नाही.

या संचातील ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारे तोंड, तासाला ४ लिटर पाणी देतो तो १ बार दाबाला, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला. आपल्या छायाचित्रात टाकीचा तळ फरशीपासून जेमतेम ४ फूट वर दिसतो. टाकी रिकामी होत आली की तेवढ्या दाबाला हाच ड्रिपर साधारण एक तृतीयांशच पाणी सोडतो, आणि ३ फुटी कठड्यावर तर तेही पोहोचत नाही. वरच्या कुंड्या सुकताना पाहून आपण टायमरची वेळ १० मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेलीत, ते आपल्या जागी कोणीही केले असते. पण त्याने मोगऱ्याची तहान भागली नाही, आणि माती सुकल्यावरच पाणी मागणाऱ्या अडेनियमच्या मुळाशी चिखल झाला.

आपण सांगाल त्या दिवशी आमचा माणूस येऊन दाब वाढवणारा छोटा पंप विनामूल्य बसवेल आणि कठड्याची व फरशीची नळी वेगळी करून प्रत्येकीला स्वतंत्र कॉक देईल. पाणी बोअरवेलचे असल्याने क्षारांनी आणि बारीक गाळाने ड्रिपर बुजतात, म्हणून जाळीची गाळणी दर आठवड्याला धुवावी लागेल. अडेनियमला मात्र ठिबक नकोच, त्याला झारीनेच पाणी घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सारे नको असेल तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ.

मोगरा एवढ्यात उपटू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर वाळक्या फांद्या छाटून कुंडी सावलीत ठेवा आणि माती बोटभर खोल सुकली की पाणी द्या.