बॅकिंग लागत नाही म्हणे!

"आजकाल बॅकिंग लागत नाही सर, नव्या स्पूलला गरजच नसते."

हे वाक्य मला ऐकवणारा, मासेमारीच्या सामानाच्या दुकानातला माणूस सुखात आहे. (बॅकिंग म्हणजे गळाच्या रीलच्या स्पूलवर, त्या चकरीवर, मुख्य लाईनच्या म्हणजे गळाच्या दोरीच्या आधी घालायचे वेढे.) लाईन भरायच्या मशीनशेजारी बसून एका हाताने मोबाईल चाळत दुसऱ्या हाताने लोकांची रीलं भरत असेल. मी मात्र कालपासून दातओठ खातोय.

बजावून सांगितलं होतं त्याला. आधी तळाला मोनोचे, म्हणजे एकेरी नायलॉन दोरीचे, थोडे वेढे घाल, मग ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली. स्पूल साधं ॲल्युमिनियमचं आहे, त्याला रबराची पट्टी नाही, भोकं नाहीत, काही नाही. तर हा हसला. काउंटरपलीकडचं ते खास हसू असतं ना, 'काका कुठल्या जमान्यातले' वालं, ते. "गाठ पक्की मारतो ना सर." मार बाबा. गाठ पक्कीच होती, गाठीबद्दल माझी काही तक्रार नाही. गाठीसकट सगळं फिरलं, ही तक्रार आहे.

काल गळाला बास मासा लागला. टोचून सोडून देणारा नाही, व्यवस्थित लागला. रॉड पार मुठीपर्यंत वाकला. मी हँडल फिरवतोय, स्पूलभोवती लाईन गुंडाळणारा रोटर फिरतोय, आणि लाईन एक इंच आत येत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की स्पूलला थोडं फिरू देणारा ब्रेक, सैल असेल म्हणून नॉब आवळला. तरी नाही. अजून आवळला. पुढे जाईना इतका आवळला. तेव्हा कुठे लक्षात आलं की मघापासून ड्रॅगची कटकट ऐकूच आलेली नाही. म्हणजे ड्रॅग सुटतच नव्हता! स्पूलवर बोट टेकवलं तर स्पूल जागच्या जागी ठाम, आणि त्याच्यावरची सगळीच्या सगळी लाईन, एकसंध, सैल बांगडी मनगटावर फिरावी तशी गरगर फिरतेय. मी पुढे फिरवली की पुढे, मासा निघाला की मागे. आणि मासा निघाला होता, पाणवनस्पतींच्या जाळीत, कसलीही घाई न करता. आत गेला, एक गिरकी घेतली, आमिष तिथेच अडकवून ठेवलं आणि गेला आपल्या कामाला.

चिकटपट्टी! मोनो नको तर नको, स्पूलवर चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावला असता तरी भागलं असतं. मोनो ताणली जाते, स्पूलला आवळून बसते. ब्रेडेड गुळगुळीत, ताणली जातच नाही, ती नागड्या धातूला कशाला धरेल? हे तुम्हाला सांगायला नको, मला सांगायला नको. ज्याचा तो धंदा आहे त्यालाच सांगावं लागतं.

आणि एवढ्यावर थांबला असता तर तो कारागीर कसला. वर काठोकाठ भरून दिली. काठाच्या आत तीनेक मिलिमीटर जागा सोडा, हे खोक्यातल्या कागदावर चित्र काढून दाखवलेलं असतं, वाचतासुद्धा यावं लागत नाही. याने अशी भरली की बेल, म्हणजे लाईन अडवणारी तारेची कमान, उघडली रे उघडली की चार-पाच वेढे एकदम खाली उतरतात, आणि रॉडवरच्या पहिल्या गाईडपाशी, म्हणजे कडीपाशी, जी मोळी अडकते ती सोडवायला सुई लागते. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून जास्त भरली म्हणे. अरे, पाणीपुरी आहे का?

ताण तर दिलाच नव्हता. ब्रेडेड भरताना ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणून भरावी लागते, बोटं लाल होतात, होऊ देत. सैल भरलेली लाईन पहिल्याच जोराच्या हिसक्याला आपल्याच खालच्या थरांत रुतते. पुढच्या कास्टला, म्हणजे फेकीला, आमिष हवेत अर्ध्यावर गचकन थांबतं. हलकं असेल तर उलटं अंगावर येतं. जड असेल तर लाईन तोडून एकटंच पुढे जातं, आणि ते नेहमी नवीन घेतलेलंच असतं, जुनं खरचटलेलं कधी जात नाही.

बरं, मासा केवढा होता हे मी पाहिलेलं नाही. पाठ दिसली नाही, शेपूट दिसली नाही. काल घरी सांगितलं तेव्हा तो दीड किलोचा होता. रात्री मित्राला फोनवर सांगताना अडीच झाला. आत्ता लिहायला बसलोय तर साडेतीनच्या खाली यायला तयार नाही. अजून दोन परिच्छेद असाच चिडत राहिलो तर मला विक्रमासाठी अर्ज करावा लागेल.

विक्रमावरून आठवलं. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, जॉर्ज पेरी, १९३२, जॉर्जियातला माँटगोमेरी लेक. मग २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. म्हणजे झाले सुमारे १० किलो. इतक्या वर्षांत जगात सगळ्यात मोठा सापडला तो एवढा. आणि माझ्या रीलच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत काय छापलंय? 'कमाल ड्रॅग १२ किलो'. कोणाला ओढायचंय? होडीला? लाईन १२ पौंडांची, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास ती तुटणार. ड्रॅग लावायचा तिच्या ताकदीच्या पंचवीस-तीस टक्क्यांवर, म्हणजे दीड किलो. त्या दीड किलोला तो अडखळत सुटतो की अलगद सुटतो, एवढंच मला हवंय. ते खोक्यावर कधीही नसतं. छापून उठून दिसतं ते छापतात, पाण्यावर लागतं ते नाही.

बेटकास्टरच्या, म्हणजे फेकताना ज्याचं स्पूलच फिरतं त्या रीलच्या, बेअरिंगांचंही तेच. '१२+१'! तो अधिक एक म्हणजे अँटी-रिव्हर्सचं, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं, एकतर्फी बेअरिंग, आणि बाकीच्या बारांतली कितीतरी हँडलच्या मुठींत कोंबलेली. दोन मुठी, प्रत्येकीत दोन, झाली चार, वाढला आकडा. कास्ट लांब जाते ती स्पूलच्या दोन बेअरिंगांमुळे, ती कशी आहेत हे विचारलं की समोरचा पुन्हा 'सर, टोटल तेरा आहेत' म्हणतो.

गिअर रेशोवर तर मी भांडायचं सोडून दिलंय. सगळ्यांना ८:१ हवं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला आत आठ फेरे, कारण फास्ट. खोल जाणारा क्रँकबेट, पाण्यात जोर लावून ओढावं लागणारं ते आमिष, त्यावर दिवसभर ओढून दाखव आणि संध्याकाळी मनगट वर कर, मग बोलू. ५ च्या आसपासचं रील त्यासाठीच असतं. जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, किंवा रबरी किडा असेल तर ठीक, ढिली लाईन झटकन उचलायला ७, ८ काय हवं ते घे. शिवाय हँडलच्या एका फेऱ्याला किती इंच लाईन आत येते हे नुसत्या रेशोवर ठरत नाही, स्पूल केवढं आणि किती भरलंय त्यावरही ठरतं. पण कोण ऐकतो.

साइझ? एका कंपनीचं २५०० दुसऱ्या कंपनीच्या २०००च्या शेजारी ठेवा, जुळी भावंडं. २५०० म्हणजे २५०० काय, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ग्रॅम नाही, मीटर नाही, केस नक्की नाहीत, तेवढे माझ्या डोक्यावर उरलेले नाहीत.

आणि स्पूलवर लिहिलेली क्षमता, '१२ पौंड १२० यार्ड'. कोणाची १२ पौंड? एकाची जाड, दुसऱ्याची बारीक. ३० पौंडांची ब्रेडेड जाडीला ८ पौंडांच्या मोनोएवढी, ते गणित वेगळं. जपानी लाईन घेतली तर पौंड बाजूलाच, तिथे जाडीचा नंबर. १ नंबर म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, आता लावा हिशोब. हिशोब लावून झाला की कळतं की स्पूलवर बसते १२० यार्ड आणि पाकिटात असते १५०. उरलेल्या तीस यार्डांचं काय करायचं? फेकवत नाही. दुसऱ्या रीलला पुरत नाही. माझा एक अख्खा ड्रॉवर अशा उरलेल्या गुंडाळ्यांनी भरलाय, कशावरही चिठ्ठी नाही, फ्लुरोकार्बन लाईन कुठली आणि मोनो कुठली हे दाताखाली धरून ओळखायला बसतो. घरच्यांनी त्या ड्रॉवरला हात लावला तर मात्र मी ओरडतो.

तोंड सुटलंच आहे तर बेटकास्टरचं हँडल. स्पिनिंग रीलचं, म्हणजे कालच्यासारखं फेकताना ज्याचं स्पूल फिरत नाही त्याचं, हँडल काढून डावीकडून उजवीकडे लावता येतं, मिनिटभराचं काम. बेटकास्टरला नाही. विकत घेतानाच डावं की उजवं ते ठरवा. आणि वर्षानुवर्षं बहुतेक रीलं उजव्या हँडलचीच यायची, म्हणजे उजव्या हाताने फेका, मग रॉड डाव्या हातात घ्या, मग उजव्याने फिरवा. प्रत्येक कास्टला. हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? डाव्या हँडलचं मागितलं की अजूनही काही ठिकाणी 'तुम्ही डावरे का' विचारतात. नाही हो. डावरा नाही म्हणूनच मागतोय.

माझं एक बेटकास्टर मी एका मित्राला वापरायला दिलं होतं. चांगलं चालणारं, फेकताना स्पूल आवरणारे मॅग्नेटिक ब्रेक माझ्या अंगठ्याला जुळवून ठेवलेले. परत आलं ते चमकत आलं. "एकदम सर्व्हिसिंग करून दिलंय रे!" सर्व्हिसिंग म्हणजे काय, तर नळाखाली जोराच्या धारेत धरलं, रेती होती ती बाहेर न निघता आत गेली, आणि मग बिजागऱ्यांवर मारतात तो स्प्रे चहूबाजूंनी फवारला. गिअरवरचं ग्रीस धुऊन गेलं, आणि जिथे थेंबभर तेलही जपून घालायचं त्या एकतर्फी बेअरिंगात सगळं झिरपलं. आता हिसका दिला की हँडल पाव फेरा मागे सटकतं. वर ड्रॅग करकचून आवळलेला, तसाच महिनाभर कपाटात ठेवलेला, वॉशर दबले ते दबले. वापर झाल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायला काय जातं माणसाचं? पैसे पडतात? आणि याचे मी आभार मानले, कारण समोर त्याची आई उभी होती.

तर आज सकाळी ते उघडलं. पांढरा टॉवेल अंथरला, प्रत्येक सुटा भाग उघडला त्या क्रमाने मांडला, फोटो काढले. लेव्हल-वाइंडचा, म्हणजे लाईन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या यंत्रणेचा, स्क्रू शाफ्ट बाहेर काढायचा तर टोकाला ई-क्लिप, इंग्रजी ई आकाराची इवलीशी क्लिप. अमेरिकेत अगदी सुरुवातीची मल्टिप्लायर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल अनेकदा फिरणारी, रीलं बनवणाऱ्यांतला केंटकीचा जॉर्ज स्नायडर पेशाने घड्याळजी होता, आणि त्या माणसाचा सूड आम्ही अजून भोगतोय असं मला अशा वेळी वाटतं. क्लिपवर अंगठा ठेवला होता, शप्पथ. तरी 'टिंग' झालं. आवाज उजवीकडून आला, म्हणजे ती डावीकडे गेली असणार.

लोहचुंबक फिरवला, टॉर्च जमिनीला आडवा धरून पाहिलं, सोफा सरकवला. सोफ्याखालून एक ई-क्लिप निघालीसुद्धा. लावून पाहिली, बसत नाही, ती या रीलची नाहीच. म्हणजे माझ्या बाकीच्या रीलांपैकी कुठलं तरी एक कधीपासून तिच्याशिवाय चालतंय, आणि ते कुठलं हे शोधायला आता सगळी उघडावी लागणार.