सातवा महिना, कोलेस्टेरॉल २६४ आणि एक फॉरवर्ड

‘गरोदर बाईचं कोलेस्टेरॉल २००च्या वर गेलं की धोका! तूप-अंडी आजच बंद, गोळी लगेच सुरू करा.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर चौथ्यांदा आला, तेव्हा भाचीनं घाबरून त्याखाली स्वतःचा रिपोर्टच टाकला. सातवा महिना, कोलेस्टेरॉल २६४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, दोन्हींपुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’.

आधी त्या ‘एच’चं बघू. कोलेस्टेरॉल २०० आणि ट्रायग्लिसराइड १५० या मर्यादा गरोदर नसलेल्यांच्या आहेत, आणि लॅबचं मशीन दिवस गेलेत का हे विचारत नाही. गरोदरपणात कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्के वाढतं, ट्रायग्लिसराइड तर शेवटी शेवटी दुप्पट-तिप्पट होतं.

तुपामुळे? इस्ट्रोजेन वाढलं की यकृतच रक्तात जास्त चरबी सोडतं. पुढच्या महिन्यांत वारेतल्या हार्मोन्समुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साठवलेली चरबी सुटते. आई त्या चरबीवर भागवते, साखर बाळाकडे जाते. वार प्रोजेस्टेरॉन बनवते तेही आईच्या कोलेस्टेरॉलपासूनच. वरणभातावरचं चमचाभर तूप तोडून हे थांबणार नाही. (वाटीभर तूप पाजणाऱ्या आज्यांनीही खूश होऊ नये. तूप आतड्यात पचतं. त्यानं बाळ सुळकन बाहेर येत नाही.)

गोळीचा सल्ला मात्र सरळ घातक. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन चालू असलेल्या बहुतेक बायकांची गोळी दिवस राहिल्यावर डॉक्टर उलट थांबवतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं सरसकट मनाई हटवायला सांगितली, ती आनुवंशिक कोलेस्टेरॉल किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला, अशा मोजक्या जणींचा विचार करून.

भ्यायचंच तर ट्रायग्लिसराइडच्या हजारी आकड्याला भ्या. १०००च्या पुढे स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते: पोटाच्या वरच्या भागात पाठीत जाणारी कळ, उलट्या. आई आणि बाळ, दोघांच्या जिवाशी खेळ. तिथं तेल-तूप खरोखरच तोडावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. शिवाय ज्यांचं ट्रायग्लिसराइड नेहमीच्या वाढीपेक्षा बरंच जास्त असतं, त्यांच्यात बीपी आणि गरोदरपणातली शुगर जास्त आढळते. म्हणून या दोन तपासण्या चुकवू नयेत.

भाचीच्या त्या दोन्ही नॉर्मल आहेत. कोलेस्टेरॉल तपासायला तिच्या डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. ते लॅबच्या ‘पॅकेज’मधून आलं. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय. तोवर वरणावरचं तूप चालू.