दहा बाय बाराचं शिबिर

दिवाळीसाठी कबड्डीचं शिबिर सुटलं तेव्हा सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. पहाटे वॉर्म-अप, मग बर्पी (हात टेकून खाली, मग वर उडी), प्लँक (कोपरांवर पालथं, ताठ), शटल रन (दोन टोकांत ये-जा धावणं), आणि रात्री दहाला झोप. हा कागद लिहिणाऱ्याने लालबागची चाळ आतून पाहिलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. आमची खोली १० बाय १२, पण फूट. त्यात आई, बाबा, आजी, बहीण, कपाट, शिलाई मशीन आणि सणापुरता मी.

पहिली बर्पी मारली तशी लाकडी जमीन हादरली आणि खालच्या काकांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. दुसरी मारली, दुसरा ठोका. काका मोजतायत असं धरून चाललो आणि सेट पुरा केला. प्लँकला बसत नाही तोच आजीने धुतलेल्या कपड्यांच्या घड्या माझ्या पाठीवर रचायला घेतल्या. "हलू नकोस रे, पडतील." सरांनीही कधी इतका वेळ धरायला लावलं नव्हतं.

शटल रनला राहिली गॅलरी. तिथे दारोदार रांगोळ्या. "मेल्या, ठिपके पुसशील!" हे ऐकत पाय टाकायचे म्हणजे फूटवर्कचा सराव फुकटात, चढाईत जादा गुणासाठी ओलांडायची बोनस रेषा त्यापुढे काहीच नाही.

पुरुष गटाची वजनमर्यादा ८५ किलो. मी निघालो तेव्हा ८४ वर होतो. दारात पाऊल ठेवताच आई कळवळली, "किती वाळलास रे! तिथे पोटभर देत नाहीत का?" आणि ताट आलं. चकली नको म्हटलं की शेव, शेव नको म्हटलं की "मग करंजी तरी खा, हलकी असते". ही हलकी करंजी तळताना मी पाहिलेली आहे.

झोपेचं तर विचारूच नका. रात्री आजीची मालिका संपेपर्यंत अंथरूण घालता येत नाही, आणि पहाटे नळाला पाणी येतं. भरलेल्या बादल्या उचलणं कागदावर नव्हतं, पण खरा व्यायाम तेवढाच झाला. फिजिओ सांगतात, सराव थांबला की आधी दम जातो, दोनेक आठवड्यांत जाणवतं. ताकद त्यामानाने टिकते. बादल्यांनी ताकद टिकवली. दम करंज्यांनी नेला.

आमचा डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला पकड करणारा गडी, सांगलीकडचा. तो बांधावरून धावतानाचे व्हिडिओ पाठवायचा. मागे ऊस, पुढे मोकळी वाट. म्हशीच्या दुधाचा तांब्या मात्र कधी कॅमेऱ्यात आला नाही. आणखी एकजण होस्टेलवरच राहिला. अख्खं मैदान त्याचं, पण मेस बंद, आणि पकडीच्या सरावाला समोर माणूसच नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉकीचे दोन्ही राष्ट्रीय संघ बंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातच अडकले होते, तेव्हा लोक हळहळले होते. मला आता हेवा वाटतो. मैदान, मेस आणि साथीदार एकाच कुंपणात, आणि आजी कुंपणाबाहेर.

शिबिराला परतताना आईने पिशवीत डबा कोंबला. "सरांना दे. आणि सांग, पोराला जरा कमी पळवा."

काट्याने ८६ दाखवले. मी घाईघाईने डबा पुढे केला. सरांनी चकली मोडली, सावकाश चावली.

"आईंना सांग, खुसखुशीत झालीय," ते म्हणाले. "तू बूट बांध."