बुबुळावरच्या डागाची रंगपरीक्षा

पावसाळा लागला की पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: बुबुळावर (कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) डाग पडला तर रंगावरून कारण कळतं. पिवळट असेल तर जिवाणू, कापसासारखा पांढरा असेल तर बुरशी, नुसतं पाणी गळत असेल तर विषाणू. डॉक्टर बुबुळ खरवडतात ते बिल फुगवायला. त्यापेक्षा मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब आणावेत, लाली गेली की झालं. आणि कल्चर (नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघणं) निगेटिव्ह आलं, तर संसर्ग नव्हताच. असे नमुने तपासणं हेच माझं काम, म्हणून हे उत्तर.

रंगाच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, आणि घोळ तिथेच होतो. बुरशीच्या जखमेची कड पुष्कळदा पिसासारखी विस्कटलेली असते, हर्पिस विषाणूची जखम फांद्या फुटल्यासारखी पसरते. पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुबुळाच्या तज्ज्ञांना फोटो दाखवून जिवाणू की बुरशी एवढंच विचारलं, तर शंभरातली साधारण 66 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी 50 येतात. प्रत्यक्षात पर्याय दोनच नसतात. अकँथामीबा हा पाण्यात-मातीत राहणारा अमीबा सुरुवातीला हर्पिससारखा दिसतो. पिथियम हा आणखी एक सूक्ष्मजीव हुबेहूब बुरशीसारखा दिसतो, पण ती बुरशी नव्हे, आणि बुरशीची औषधं त्याला फारशी लागू पडत नाहीत. पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींचे रुग्ण ‘डोळे आलेत’ म्हणून घरी बसतात.

रंगापेक्षा जास्त सांगून जातो तो साधा प्रश्न: डोळ्यात काय गेलं होतं? इंदापूर-दौंडकडे ऊसतोडीत पाचट लागलं असेल, तर आधी बुरशीची शंका येते. हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी लेन्सची डबी नळाच्या पाण्यानं धुवत असेल, तर स्यूडोमोनास जिवाणू किंवा अकँथामीबा. डाग दोघांचाही पांढराच. अर्थात ही शंकाच. खात्री नमुन्यातूनच होते.

आता खरवडण्याबद्दल. बधिर करणारे थेंब टाकून, स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली), बारीक ब्लेडनं जखमेच्या तळातून आणि कडेनं कणभर नमुना घेतात. जखम वाढवणं दूरच, वरचा मेलेला थर निघाल्यानं औषध आत शिरायला मदतच होते. त्यातला थोडा काचपट्टीवर जातो. 10 टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकलं की बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात; ग्रॅम स्टेन हा रंग दिला की जिवाणू. उरलेला जंतू वाढवायच्या प्लेटांवर: ब्लड अगार, चॉकलेट अगार, साबुरो अगार. अमीबाची शंका असेल तर ई. कोलाय पसरलेली वेगळी प्लेट लागते, कारण तो जिवाणू खाऊन वाढतो. बारीक, कडेच्या जखमेला डॉक्टर न खरवडताही अँटिबायोटिक सुरू करतात, हे खरंय. मोठी, मधोमध किंवा औषधाला दाद न देणारी जखम असेल तर मात्र नमुना हवाच. कारण कळलं की औषध बदलतं: फ्युजेरियम बुरशीला व्होरिकोनाझोलपेक्षा जुनं, स्वस्त नॅटामायसिन जास्त लागू पडतं, हे 2013 च्या भारतातल्याच चाचणीत दिसलं.

स्टेरॉइडचा सल्ला सगळ्यात वाईट. लाली जाते ती शरीराचा प्रतिकार दबल्यानं. बुरशी आणि हर्पिसला तेवढंच रान मोकळं. ‘स्कट’ ही 500 रुग्णांची चाचणी, बहुतेक तमिळनाडूतले. जखम जिवाणूचीच आहे हे कल्चरनं ठरलं होतं, 48 तास अँटिबायोटिकही दिलं होतं, तरी स्टेरॉइडनं एकूण रुग्णांच्या नजरेत फरक पडला नाही. नोकार्डिया जिवाणू असलेल्यांचे डाग उलट मोठे राहिले. मेडिकलवाल्याच्या अंदाजानं घेतलेल्या थेंबांची काय कथा!

कल्चर निगेटिव्हचं थोडक्यात: आधीच थेंब टाकले असतील तर प्लेटवर काही उगवेलच असं नाही. जिवाणू एक-दोन दिवसांत दिसतात, बुरशीला आठवडा किंवा जास्तही लागू शकतो. जखम वाढतच असेल तर डॉक्टर पुन्हा खरवडतात, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणं) किंवा कॉन्फोकल मायक्रोस्कोपी (थेट डोळ्यावरच सूक्ष्मदर्शकानं तपासणी) करतात.

तपासायला जाताना आधी टाकलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्या, रिकाम्यासुद्धा. लेन्स आणि तिची डबी न धुता न्या. त्यांचंही कल्चर करता येतं.